मॅडमला सोडून जाऊ

नागपुरात राहून काटोलला नोकरी करणारे आम्ही लोक 'अप-डाऊनवाले'. शब्द रेल्वेचा असेल, पण आमच्याकडे तो जन्मात रेल्वेचा पास न काढलेल्यांनाही लागतो. लग्नाच्या बैठकीत मुलीचा मामा विचारतो, "मुलगा कुठं असते?" आणि उत्तर येतं, "नोकरी काटोलले, अप-डाऊन करते." तेवढ्यात मामाला सगळं समजतं. मुलगा सकाळी डबा घेऊन निघतो, संध्याकाळी धुळीनं माखून येतो, त्याच्या पगारातला मोठा घास रस्ता खातो आणि रविवारी तो कोणाच्याही बारशाला येत नाही.

मी एका सरकारी कचेरीत लिपिक. टिपण्या लिहायच्या, मसुदे तयार करायचे, वर पाठवायचे, हे माझं काम. पाल्हाळ मला खपत नाही. चार ओळींचं काम दोन ओळींत केलं की मला जेवण गोड लागतं. साहेब बदलले, पण 'यांचा मसुदा बघा, एक शब्द काढायला जागा नाही' हे प्रत्येकानं म्हटलं. बायको म्हणते, तुम्ही घरातही तसंच बोलता, त्यामुळे अर्धं आम्हाला आमच्या मनानं भरावं लागतं. ती काहीही म्हणते.

पेट्रोलचं म्हणाल तर आधी मी त्याच्याकडे कधी पाहिलंच नाही. सेकंडहँड घेतलेली लहान गाडी, मी एकटा, मागच्या सीटवर डबा आणि छत्री. पंपावर गेलं की काच खाली करून 'फुल' म्हणायचं आणि शेजारच्या पानठेल्यावरच्या गप्पा ऐकत बसायचं. मग दर चढायला लागले. पैशा-पैशानं चढायचे, त्यामुळे आज वाढले असं कळायचं नाही, महिना गेल्यावर खिशाला कळायचं. शंभरी गाठली तेव्हा आमच्या पंपावरच्या जुन्या मशीनमध्ये दराच्या जागेत तीन आकडे मावेनात. मेकॅनिक येऊन मशीन खोलून बसला होता आणि आम्ही गाडीवाले रांगेत उभे राहून पाहत होतो. कोणीतरी म्हणालं, "मशीनले बी झेपून नाही राहिलं, मंग आपल्याले कसं झेपन?" सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही, रागच आला. कोणावर ते कळेना, म्हणून मी तो गाडीवर काढायला लागलो.

एसी बंद केला. मे महिन्यात काटोल रोडवर एसी बंद म्हणजे काय, ते नागपूरच्या माणसाला सांगायला नको. काचा खाली करून मी डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळायचो. उतार आला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकायचो. सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय काढून घ्यायचो, मागचे हॉर्न मारून घसा कोरडा करायचे. चाकातली हवा दर सोमवारी. डिकीतून स्टेपनी सोडून सगळं काढून टाकलं, सासऱ्यांनी दिलेली घडीची खुर्चीसुद्धा. सकाळी थंड हवेत पेट्रोल घट्ट असतं म्हणून तेव्हाच भरावं, असं कोणी सांगितलं तर तेही करून पाहिलं. बायको एकदा माझ्यासोबत बर्डीच्या बाजारापर्यंत आली आणि उतरताना म्हणाली, "तुम्ही गाडी चालवत नाही, तिची विनवणी करता."

पण मी एकटाच येडा नव्हतो. रस्त्यानं पाहावं तर सगळ्यांचंच काही ना काही चाललेलं. ज्यांनी कधी कोणाला लिफ्ट दिली नाही, ते सोबती शोधत फिरत होते. गॅसची टाकी बसवावी का, यावर आमच्या कचेरीत दुपारचं जेवण व्हायचं. एका शिपायानं मोटारसायकल विकून एसटीचा पास काढला आणि मग एसटीच्या नावानं शिव्या घालायला मोकळा झाला.

आमची गाडी कशी जमली ते सांगतो. कळमेश्वरच्या अलीकडे एका सकाळी एक गृहस्थ मोटारसायकल एका अंगावर आडवी करून तिला मुलासारखं थोपटत होते. टाकीच्या कोपऱ्यात उरलेलं पेट्रोल नळीकडे यावं म्हणून आपण सगळेच हे करतो. मी थांबलो. ते काटोलच्या एका बँकेत होते, गिट्टीखदानात राहायचे. गोलमटोल, बोलके. मी म्हटलं, "संपलं का?" तर म्हणाले, "संपन कसं? कालच तं शंभरचं टाकलं." त्यांची जन्माची सवय होती, पंपावर जायचं आणि शंभरचं टाका म्हणायचं. भाव कितीही होवो, मला काय फरक पडते, मी तं शंभरचंच टाकतो, असं ते चारचौघांत सांगायचे. फरक असा पडला की त्यांचं शंभरचं पेट्रोल दर महिन्याला नागपूरच्या थोडं थोडं जवळ संपायला लागलं. त्या दिवशी त्यांनी मोटारसायकल एका ढाब्यावर ठेवली आणि माझ्या गाडीत बसले, ते कायमचे.

त्यांनीच मॅडमना आणलं. मॅडम काटोलच्या एका शाळेत मराठी शिकवायच्या, त्यांचं खातं यांच्या बँकेत होतं. नागपुरातल्या छावणी चौकात, रोजच्या स्टॉपवर, एसटीची वाट पाहत उभ्या असायच्या. मॅडम मोजकं बोलणाऱ्या, ताठ. मागच्या सीटवर बसून वह्या तपासायच्या आणि आम्हा दोघांचं राजकारण फारच वाहवत गेलं की तपासता तपासता एखादं वाक्य असं टाकायच्या की आम्ही दोघं पुढच्या गावापर्यंत गप्प. मला त्या आवडायच्या. पाल्हाळ नव्हतं.

हिशेब ठेवायचा नाही, टाकी पाळीपाळीनं भरायची, एवढाच नियम. गाडी माझी, चालवायचो मी, त्यामुळे न्यूट्रल, काचा, दुपट्टा हे सगळं त्यांना सोसावं लागायचं. बँकवाले माझी नक्कल करायचे. "थांबा, थांबा, भाऊचा उतार आला, सगळ्यांनी श्वास रोखा." मॅडम हसायच्या. दिवस बरे चालले होते. एकट्यानं गाडी हाकताना जो राग यायचा, तो तिघांत वाटला गेल्यामुळे हलका झाला होता.

आणि मग मॅडमची आई मोरीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं.

आई त्यांच्याजवळच राहायच्या. काटोलकडच्याच एका खेड्यातल्या, उभा जन्म शेतात गेलेला, दवाखान्याची पायरी न चढलेली बाई. धंतोलीतल्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं, ते नीट झालं. पण त्यानंतर म्हातारपणी कधी कधी होतं तसं झालं, त्यांचं डोकं जरा भरकटलं. दिवसभर ठीक असायच्या, आयाबाईशी बोलायच्या, नर्सला शेताचं सांगायच्या. संध्याकाळ झाली की घाबरायच्या. आपल्याला इथं आणून टाकलं आणि घरचे निघून गेले, असं घेऊन बसायच्या. घास तोंडात घ्यायच्या नाहीत, हाताची सुई उपसायला जायच्या. मॅडम समोर दिसल्या की पाच मिनिटांत निवायच्या, लेकीच्या हातानं चार घास खायच्या आणि झोपायच्या. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न गेलं पाहिजे, नाहीतर ताकद येणार नाही, मग पायावर उभं करणं राहूनच जाईल. मॅडमचा भाऊ दूरच्या शहरात, येऊन पैसे देऊन गेला. शाळेत परीक्षा तोंडावर, रजा मिळेना. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच होता की मॅडमनी रोज संध्याकाळी भेटीची वेळ संपायच्या आत धंतोलीत पोचायचं. भेटीची वेळ सातपर्यंत. सात म्हणजे सात, जिन्यावर वॉचमन.

सकाळी त्या आधी दवाखान्यात जायच्या, मग छावणीत येऊन उभ्या राहायच्या. त्यामुळे उशीर व्हायला लागला. मी तिथं गाडी लावून वाट पाहायचो, बँकवाले पुढच्या चौकात. संध्याकाळी मी त्यांना छावणीत उतरवायचो, तिथून ऑटो. ऑटोवाल्यांचंही पेट्रोलनं कंबरडं मोडलेलं, ते एका सवारीसाठी हलेनात, सीटा भरल्याशिवाय निघेनात. मॅडम धावतपळत कशाबशा पोचायच्या. एकदा जिन्यावरूनच परत आल्या.

मी हे सगळं ऐकत होतो. आणि तरी एका सकाळी, दर पुन्हा वाढलेले, वाट पाहताना मी गाडी बंद केलेली, उन्हानं डॅशबोर्ड तापलेला, मॅडम येऊन बसल्या, पुढच्या चौकात बँकवाले चढले, तेव्हा मी बोलून गेलो, "रोज असं थांबणं म्हणजे गाडीचं आणि सगळ्यांचंच नुकसान आहे." बँकवाल्यांना वातावरण हलकं करायची खोड. ते म्हणाले, "नाही तं एक सवारी कमी करू भाऊ, वजन कमी झालं का मायलेज वाढते." मॅडमनी वही उघडली. आम्ही हसलो, पण हसू पुढं सरकलं नाही.

त्या रात्री जेवताना मी बायकोला मॅडमच्या आईचं सांगितलं. तिनं भाकरी परतता परतता विचारलं, "मग तुम्ही तिला धंतोलीत का नाही सोडत?"

"छावणीतून धंतोली म्हणजे बर्डीची सगळी गर्दी. सिग्नलवर सिग्नल. तिथून मग आपलं त्रिमूर्ती नगर. किती पेट्रोल जाईल त्याचा..."

"वाचवून काय त्याचं लोणचं घालता?"

मी चिडलो, ताटावरून उठलो, हात धुतला. हात धुता धुता वाटलं, बरोबर आहे. खरं म्हणजे ते मलाच दोन दिवसांपासून वाटत होतं, फक्त कोणीतरी जोरात म्हणायला हवं होतं. काटोलहून थोडं लवकर निघायचं, बँकवाल्यांना गिट्टीखदानात उतरवायचं, मॅडमना सरळ दवाखान्याच्या दारात सोडायचं आणि मग रामदासपेठेतून घर गाठायचं. मला इतकं हलकं वाटलं की तिथल्या तिथं मोबाइल घेऊन आमच्या तिघांच्या ग्रुपवर लिहिलं:

'उद्यापासून मॅडमला सोडून जाऊ. सर्वांनी वेळेवर निघावे.'

वाचून पाहिलं. एक शब्द काढायला जागा नव्हती.

बँकवाल्यांचा अंगठा आला. एरवी चार ओळी आणि दोन हसरे चेहरे पाठवणारा माणूस, नुसता अंगठा. मॅडमनी वाचलं, निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. मी समजलो, भरून आलं असेल. बायकोला म्हटलं, "कळवलं." ती म्हणाली, "छान केलं."

सकाळी छावणीत मॅडम नाहीत. मी थांबलो. त्या दिवशी गाडी बंदही केली नाही, म्हटलं, जळू दे. फोन केला, उचलला नाही. बँकवाले पुढच्या चौकात चढायचे, ते यायच्या आधीच मेसेज आला: 'मी बसने निघाले. इतके दिवस नेलंत, आभारी आहे.'

मी दोनदा वाचलं. आभारी आहे! माणूस आपणहून वाट वाकडी करायला निघतो आणि समोरून त्याला निरोपसमारंभासारखं आभारी आहे! माझं डोकंच फिरलं. आपण दवाखान्यात सोडायला येतो हे उपकार वाटले असतील बाईला, ताठा आहे ना. नसेल यायचं तर नको येऊ. मी बँकवाल्यांना मेसेज दाखवला. त्यांनी पाहिला, "हं" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. फेटरी गेलं, कळमेश्वर गेलं, हा माणूस बोलेना. मी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, तरी नक्कल नाही. मला वाटलं, यांनाही मॅडमचं वागणं लागलेलं दिसतं.

संध्याकाळी आम्ही दोघंच परतलो. दुसऱ्या दिवशीही तसंच. मागची सीट रिकामी, आणि गाडीचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा. बायकोनं विचारलं, "कशी आहे त्यांची आई?" मी म्हटलं, "मला काय माहीत, बाईसाहेब बसनं जातात." तिनं माझ्यापुढे ताट सरकवलं.

त्या दुसऱ्या संध्याकाळी टाकी भरायची बँकवाल्यांची पाळी होती. काटोलमधून निघताना पंपावर थांबलो. पोऱ्यानं नळी लावली, आकडे पळायला लागले, आणि बँकवाले त्या आकड्यांकडे बघत म्हणाले, "भाऊ, एक बोलू का? राग नका येऊ देऊ."

"बोला."

"पेट्रोल वाढलं हे मले कबूल हाय. मी बी नोकरीवाला माणूस. पण माय दवाखान्यात असताना बाईले असं गाडीतून काढाले नाही पाहिजे होतं."

"काढलं? कोणी काढलं?"

"तुमीच तं काढलं."

"मी? मी तर तिला दवाखान्यात सोडायला निघालो होतो!"

बँकवाल्यांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि पंपावरच्या त्या गोंगाटात माझा मसुदा मोठ्यानं वाचला. "उद्यापासून मॅडमला सोडून जाऊ. सर्वांनी वेळेवर निघावे." मग चष्मा खाली घेऊन माझ्याकडे पाहिलं. "आता सांगा, याचा अर्थ काय होते?"

माझे कान तापले. सोडून जाऊ. मॅडमला धंतोलीत सोडून, मग घरी जाऊ, असं मी लिहिलं होतं. धंतोली माझ्या डोक्यात होती, बायकोच्या डोक्यात होती, ताटाभोवती तासभर धंतोलीच चालली होती. फक्त कागदावर नव्हती. आणि खाली आणखी ते 'वेळेवर निघावे'. काटोलहून संध्याकाळी वेळेवर निघू म्हणजे भेटीची वेळ साधेल, असं माझ्या मनात. रोज सकाळी उशिरा येणाऱ्या बाईनं ते कसं वाचावं?

"तुम्हालाही तेच वाटलं?" मी विचारलं.

"मले काय, माह्या बायकोले बी तेच वाटलं. थे म्हणे, तुमचे भाऊ लय पक्के निघाले."

"मग तुम्ही बोलले काहून नाही?"

"काय बोलू? गाडी तुमची." त्यांनी मोबाइल खिशात टाकला. "आन् खरं सांगू का भाऊ, मले नवल बी नाही वाटलं. तुमी घडीची खुर्ची बी उतरवून ठेवली होती."

मला ते फार लागलं. एका वाक्याचे दोन अर्थ होते, आणि ज्या दोन माणसांसोबत मी रोज जाणं-येणं केलं, त्या दोघांनाही पहिल्यांदा तो दुसरा अर्थ सुचला. न्यूट्रल, ओला दुपट्टा, सकाळचं घट्ट पेट्रोल, या सगळ्यातून मी पेट्रोल वाचवत होतो असं मी समजत होतो. बघणाऱ्यांना काय दिसत होतं ते मला त्या पंपावर कळलं. रडू यावं इतकं वाईट वाटलं, आणि नेमकं तेव्हाच पोऱ्या म्हणाला, "साहेब, झाकण लावून घ्या."

"शाळा सुटली असेल," मी म्हटलं. "बसस्टँड."

बसस्टँडवर जत्रा होती. नागपूरची एक गाडी आलीच नव्हती, दुसरीचा पत्ता नव्हता. गाडीघोडी घरी ठेवून सगळा तालुका एसटीवर लोटला होता. पोत्यांच्या आणि कॉलेजच्या पोरांच्या मधे एका खांबाला टेकून मॅडम उभ्या होत्या. हातात घड्याळ नव्हतं तरी मनगटाकडे बघत होत्या. आम्हाला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"मॅडम, चला, बसा गाडीत."

"नको. बस येते."

"बस येईल तोवर वेळ जाईल. चला ना."

"भाऊ, तुम्ही तर मला सोडून जाणार होते."

"हो! सोडूनच जाणार होतो!" माझा आवाज चढला. "धंतोलीत! दवाखान्यात! तुम्हाला तिथं सोडून मग मी घरी जाणार होतो!"

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. एका म्हातारबुवांना वाटलं भांडण लागलं, ते पिशवी घेऊन जरा लांब सरकले. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. व्याकरण शिकवणारी बाई ती. तिच्या चेहऱ्यावर ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं जाताना मला दिसलं, आणि मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

"धंतोली लिहायचं होतं भाऊ," त्या म्हणाल्या.

"राहिलं."

"एक शब्द."

"राहिला, म्हटलं ना. चला आता."

त्या बसल्या. पुढं काय सांगू, मी गाडी हाणली. उतार आले आणि गेले, मी न्यूट्रलला हात लावला नाही. कळमेश्वरच्या पुढे धूळ उडत होती, मागं पाहिलं तर मॅडमनी पदर नाकाला लावलेला, दोन दिवसांच्या बसनं चेहरा उतरलेला. मी काचा वर केल्या आणि एसी लावला. बँकवाले दचकले. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या भाऊ, पेट्रोल जळते." मला त्या बोलण्याचा इतका त्रास झाला की मी एसी आणखी वाढवला.

गिट्टीखदान आलं. मी ब्रेकवर पाय ठेवला तसे बँकवाले म्हणाले, "थांबू नका. सरळ चला. मी येतो मंग ऑटोनं."

"सीटा भरेपर्यंत बसावं लागेल."

"बसन. शंभरचं टाकून पायदळ चालाची सवय हाय मले."

बर्डीला अडकलोच. हा चौक मला आयुष्यभर पुरेल. सिग्नलचे आकडे उतरायला लागले की मॅडमचे ओठ त्यासोबत हलायचे. धंतोलीच्या गल्लीत गाडी शिरली, दोन्ही बाजूंनी दवाखाने, मेडिकलची दुकानं, गाड्यांवर गाड्या, बाहेरगावचे लोक डबे घेऊन उभे. गाडी पुरती थांबायच्या आत मॅडम उतरल्या आणि पळाल्या. पर्स सीटवर. भेटीचा पास त्या पर्समध्ये.

मी बँकवाल्यांच्या अंगावर किल्ली टाकली आणि मागं धावलो. जिन्यावर वॉचमननं मॅडमना अडवलंच होतं. त्या त्याला सांगत होत्या की पास राहिला, तो सांगत होता की पास नसेल तर तो काही करू शकत नाही. मी पर्स पुढं केली. त्यानं पास पाहिला, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, आम्हा दोघांची दमछाक पाहिली. "जा," तो म्हणाला, "पण लवकर खाली या." दोघांना की एकालाच ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

खाटेजवळ आयाबाई ताट घेऊन उभी होती. खिचडीवर पापुद्रा धरला होता. "दोन दिवस झाले," ती म्हणाली, "संध्याकाळी तोंडच नाही उघडत." आई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. एवढीशी बाई, चादरीखाली आहे की नाही कळू नये अशी.

"माय, मी आली."

आई वळल्या नाहीत. मॅडमनी खांद्याला हात लावला, तर खांदा आक्रसून घेतला. मॅडम पुन्हा म्हणाल्या, "माय, पाय ना इकडं, मीच हाय." शाळेत शुद्ध बोलणारी ती बाई गावाकडच्या बोलीत एकेक शब्द जपून टाकत होती, आणि समोरून काही नाही. मी दाराशी उभा होतो. मला वाटलं, संपलं, आपण हे घालवलं.

मग आईनं हळूच मान वळवली. लेकीकडे नाही, तिच्यावरून माझ्याकडे बघितलं.

"हा कोन वं?"

"गाडीवाले भाऊ, माय. ज्यांच्या गाडीत मी येतो-जातो."

आईच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, बैल पारखावा तसं.

"गाडी सुधरली का गा बापू?"

मला कळेना. मी मॅडमकडे पाहिलं. त्या खाली मान घालून चमच्यानं खिचडी मोडत बसल्या होत्या.

"हिनं फोनवर सांगतलं," आई म्हणाल्या, "का भाऊची गाडी बिघडली, म्हून येनं नाही होऊन राहिलं. मी म्हणलं, बिघडली असन बिचाऱ्याची. मानूस थोडीच असं करन."

मॅडमनी वर पाहिलं नाही. मी त्यांना गाडीतून काढलं असं त्या दोन दिवस धरून होत्या, एसटीच्या धक्क्यांत उभ्या राहून येत होत्या, जिन्यावरून परत जात होत्या. आणि आईला त्यांनी गाडीचं नाव सांगितलं होतं, माझं नाही.

एरवी कमी शब्दांत बोलणारा मी, त्या वेळी मला एकच शब्द सापडला.

"सुधरली, माय."

"उद्याले?"

"उद्याही आहे. रोज आहे."

आईनं मान डोलावली. मग लेकीकडे वळल्या आणि तोंड उघडलं.